सोन्यावरच्या एकरेणवीय थरातून इलेक्ट्रॉनचे संक्रमण : थर बसवण्यापासून वेगांक मोजण्यापर्यंत

थायॉलच्या, म्हणजे एका टोकाला गंधक-हायड्रोजनचा गट असलेल्या सेंद्रिय रेणूच्या, अतिविरल द्रावणात सोन्याचा स्वच्छ पत्रा बुडवून ठेवला, तर काही तासांत त्याच्या पृष्ठभागावर फक्त एका रेणूच्या जाडीचा, दाट आणि बऱ्यापैकी शिस्तबद्ध असा थर आपोआप तयार होतो. रेणूच्या एका टोकाचा गंधक सोन्याला घट्ट धरतो, कार्बनच्या साखळ्या एकमेकींना बिलगून सुमारे ३० अंशांनी कलतात आणि दुसरे टोक द्रावणाकडे राहते. राल्फ नझो आणि डेव्हिड अलारा यांनी १९८३ मध्ये सोन्यावर डायसल्फाइडांचे (गंधकाच्या दोन अणूंनी जोडलेल्या रेणूंचे) असे थर बसवून दाखवले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत विद्युतरसायनशास्त्राच्या हाती फार मोलाचे साधन आले. उघड्या धातूपाशी होणाऱ्या अभिक्रियेत रेणू इलेक्ट्रोडपासून नेमका किती अंतरावर असताना इलेक्ट्रॉन गेला हे सांगता येत नाही, शिवाय पुष्कळदा अभिक्रिया इतकी जलद असते की रेणू पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याचा वेगच आपण मोजत बसतो. एकरेणवीय थराने या दोन्ही अडचणी एकदम दूर होतात, कारण इलेक्ट्रॉन देणारे केंद्र साखळीच्या टोकाला बांधलेले असल्याने अंतर ठरलेले असते आणि ते अंतर पार करताना वेग इतका मंदावतो की साध्या पोटेन्शिओस्टॅटनेही (विभव ठरवून धारा मोजणाऱ्या उपकरणानेही) तो मोजता यावा.

हे मोजमाप करताना माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. सगळी रेडॉक्स केंद्रे, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारे-घेणारे गट, धातूपासून सारख्या अंतरावर आणि सारख्या परिसरात आहेत हे आधी दाखवता आले पाहिजे, तरच हाती आलेल्या वेगांकाला, म्हणजे संक्रमण सेकंदाला किती वेगाने होते हे सांगणाऱ्या आकड्याला, अर्थ असतो. म्हणून या लेखात सिद्धांतापेक्षा थराच्या तपासणीला जास्त जागा दिली आहे.

मोजण्यापूर्वी काय अपेक्षित आहे

संतृप्त कार्बन साखळीत इलेक्ट्रॉनला थांबायला जागा नसते. साखळीतल्या ऊर्जापातळ्या धातूच्या फर्मी पातळीपासून (धातूतील इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या पातळ्यांच्या वरच्या सीमेपासून) फार दूर असल्यामुळे इलेक्ट्रॉन टनेलिंगने, म्हणजे ऊर्जेचा अडथळा न चढता थेट त्यातून, पलीकडे जातो आणि साखळीचे बंध त्याला केवळ माध्यम म्हणून मदत करतात. अशा वेळी वेग लांबीनुसार घातांकी पद्धतीने घटतो. या घटीच्या प्रमाणाला बीटा म्हणतात आणि अल्केन साखळीसाठी त्याची किंमत प्रत्येक मेथिलीन गटामागे (साखळीतील एका कार्बनमागे) सुमारे १ ते १.१ येते. म्हणजेच साखळीत एक कार्बन वाढला की वेग साधारण एकतृतीयांशावर येतो.

दुसरा भाग पुनर्रचना ऊर्जेचा आहे. रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून मांडलेल्या आणि १९९२ च्या नोबेल पारितोषिकाने गौरवल्या गेलेल्या सिद्धांतानुसार, इलेक्ट्रॉन उडी घेण्याआधी भोवतालच्या द्रावकाच्या रेणूंची आणि स्वतः केंद्राच्या बंधांची मांडणी अनुकूल व्हावी लागते. त्यासाठी लागणारी ऊर्जा लॅम्डा या अक्षराने दाखवतात आणि शून्य अतिविभवाला (इलेक्ट्रोडचा विभव केंद्राच्या मूळ विभवाइतकाच असताना) सक्रियण ऊर्जा तिच्या साधारण एकचतुर्थांश असते. धातूच्या बाबतीत एक महत्त्वाचा फरक पडतो. द्रावणातल्या दोन रेणूंमधील अभिक्रियेत प्रेरक ऊर्जा लॅम्डापेक्षा जास्त झाली की वेग उलट घटू लागतो, पण धातूत ऊर्जापातळ्यांची अखंड पट्टी असल्याने इलेक्ट्रॉनला नेहमीच कुठली तरी सोयीची पातळी सापडते. त्यामुळे येथे वेग घटत नाही, तो लॅम्डाच्या पलीकडे सपाट होत जातो. क्रिस्टोफर चिडसी यांनी १९९१ मध्ये फेरोसीन (लोहाचा अणू दोन कार्बनी वलयांमध्ये धरलेले रेडॉक्स केंद्र) बांधलेल्या लांब थायॉलच्या थरावर नेमके हेच वळण दाखवले. त्यांना लॅम्डा ०.८५ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि प्रमाण वेगांक (शून्य अतिविभवाचा वेगांक) सेकंदाला सुमारे १ असा मिळाला. नव्याने काम सुरू करणाऱ्याने प्रथम हीच प्रणाली उभी करावी, कारण आपले आकडे ताडून पाहायला याहून चांगला आधार नाही.

रेणू आणि द्रावण यांची निवड

टोकाला फेरोसीन असलेला थायॉल आणि टोकाला साधा मेथिल गट असलेला थायॉल असे दोन्ही एकत्र बसवावे लागतात. केवळ फेरोसीनवाल्या थायॉलचा थर बसवला तर सुमारे ०.६६ नॅनोमीटर व्यासाची ही टोके साखळ्यांपेक्षा जाड असल्यामुळे एकमेकांना रेटतात, काही आत दबतात, काही बाहेर राहतात आणि एकाच थरात अनेक वेगांक निर्माण होतात. साध्या थायॉलची साखळी अशी निवडावी की फेरोसीन थराच्या जरा बाहेर, द्रावणाच्या संपर्कात राहील. ती फार लांब असेल तर फेरोसीन तेलकट भागात गाडले जाते, त्याचा विभव सरकतो आणि धन आयनाला ऋण आयनाची सोबत मिळणे अवघड होते.

इलेक्ट्रोलाइट म्हणून १ मोलर परक्लोरिक आम्ल घ्यावे. ऑक्सिडीभूत फेरोसीन म्हणजे फेरिसिनियम, आणि ते परक्लोरेट आयनाशी चांगली जोडी जमवते. क्लोराइड किंवा अल्कधर्मी द्रावणात फेरिसिनियम विघटित होऊ लागते, म्हणून ती द्रावणे टाळावीत. संदर्भ इलेक्ट्रोडमधून क्लोराइड झिरपणार नाही याचीही काळजी घ्यावी. द्रावणातला ऑक्सिजन नायट्रोजन किंवा आरगॉन सोडून काढून टाकावा.

सोने

अभ्रकावर निर्वातात बाष्पीभवनाने बसवलेले आणि नंतर हायड्रोजनच्या ज्योतीत तापवलेले सोने सर्वोत्तम, कारण त्यावर अणूंच्या पातळीवर सपाट असे मोठे पट्टे मिळतात. काचेवर सोने बसवताना खाली क्रोमियम किंवा टायटॅनियमचा पातळ थर द्यावा लागतो. असा पत्रा फार तापवू नये, नाहीतर खालचा धातू सोन्यातून वर येतो. सोन्याच्या तारेचे टोक वितळवून केलेला छोटा मणीही उत्तम काम देतो.

सेंद्रिय मळ काढण्यासाठी संहत सल्फ्युरिक आम्ल आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे ३:१ मिश्रण, म्हणजे पिरान्हा, पुष्कळ ठिकाणी वापरतात. हे मिश्रण स्वतःच तापते, सेंद्रिय द्रावकाशी संबंध आला तर स्फोट होऊ शकतो आणि बंद बाटलीत ठेवले तर बाटली फुटते. ते धुराड्याखाली, मुखकवच आणि जाड हातमोजे घालूनच आणि लागेल तेवढेच बनवावे, पेरॉक्साइड आम्लात हळूहळू घालावे आणि ॲसिटोनची बाटली त्या टेबलावर ठेवूही नये. ज्योतीने तापवण्याची सोय असेल तर पिरान्हाच्या वाटेला न गेलेलेच बरे.

यानंतर ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात विभव वरखाली फिरवून सोन्याचा ऑक्साइड तयार करावा आणि क्षपणाच्या शिखराखालील विद्युतभार मोजावा. खऱ्या पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे तो सुमारे ३९० ते ४०० मायक्रोकूलोम धरतात. मोजलेला भार या आकड्याने भागला की खरे क्षेत्रफळ मिळते आणि त्याला भौमितिक क्षेत्रफळाने भागले की खडबडीतपणाचा गुणांक मिळतो. हा गुणांक वहीत नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण पुढची प्रत्येक पृष्ठव्याप्ती (दर चौरस सेंटिमीटरवरील रेणूंचे प्रमाण) त्यावर अवलंबून आहे. उरलासुरला ऑक्साइड थोडा वेळ इथेनॉलमध्ये बुडवून ठेवल्याने निघून जातो.

थर बसवणे

दोन्ही थायॉल मिळून १ मिलिमोलर होतील असे शुद्ध इथेनॉलमधले द्रावण करावे आणि त्यात फेरोसीनवाल्याचा वाटा ५ टक्के किंवा त्याहून कमी ठेवावा. द्रावणातले प्रमाण आणि थरातले प्रमाण सारखे असेलच असे नाही, म्हणून पृष्ठभागावरचे प्रमाण पुढे मोजूनच ठरवायचे असते. पहिल्या काही मिनिटांतच बहुतेक जागा भरतात, परंतु साखळ्या ओळीने लागायला आणि भेगा बुजायला तासन्‌तास लागतात. म्हणून किमान २४ तास द्यावेत.

यापुढची पायरी पुष्कळ जण गाळतात आणि माझ्या मते तीच सर्वांत उपयोगी आहे. तयार झालेला थर इथेनॉलने धुऊन केवळ साध्या थायॉलच्या द्रावणात आणखी काही तास, शक्य असल्यास किंचित कोमट स्थितीत ठेवावा. पट्ट्यांच्या कडांवर आणि दोषांच्या जागी सैल बसलेले फेरोसीनवाले रेणू सुटून त्यांच्या जागी साधे रेणू येतात. जे सुटतात तेच नेमके धातूच्या जवळ झुकून अतिजलद इलेक्ट्रॉन देणारे असतात. ते गेल्यानंतर उरलेल्या केंद्रांचा समूह बराच एकजिनसी होतो. मग इलेक्ट्रोड भरपूर इथेनॉलने आणि पाण्याने धुऊन लगेच वापरावा, कारण हवा, ओझोन आणि प्रकाश यांच्यामुळे गंधकाचे ऑक्सिडीकरण होऊन थर सुटू लागतो.

थराची तपासणी

प्रथम धारिता पाहावी. फेरोसीनच्या शिखरापासून दूर असलेल्या विभवाला चक्रीय व्होल्टॅमोग्राममध्ये (विभव ठरलेल्या वेगाने वरखाली फिरवून, म्हणजे स्कॅन करून, काढलेल्या धारेच्या आलेखात) जी सपाट धारा दिसते तिला स्कॅनच्या वेगाने आणि क्षेत्रफळाने भागले की धारिता मिळते. सोळा कार्बनच्या थराची जाडी सुमारे २ नॅनोमीटर आणि परावैद्युतांक सुमारे २.३ धरला तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोफॅरड अपेक्षित आहे. उघड्या सोन्याची धारिता याच्या वीसपट किंवा जास्तही असते, त्यामुळे पृष्ठभागाचा अगदी थोडा भाग उघडा असला तरी आकडा ठळकपणे चढतो. वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांसाठी धारितेचा व्यस्तांक कार्बनच्या संख्येसमोर मांडला की सरळ रेषा यायला हवी.

नंतर फेरोसीनचे शिखर तपासावे. लांब साखळीसाठी स्कॅन अतिशय हळू, सेकंदाला ५ मिलिव्होल्टच्या आसपास घ्यावा. नाहीतर मंद संक्रमणामुळेच शिखरे दूर सरकतात आणि थर चांगला आहे की नाही हे कळत नाही. उदाहरणादाखल, ०.२ चौरस सेंटिमीटरच्या इलेक्ट्रोडवर शिखराखालील भार ०.४ मायक्रोकूलोम आला, तर त्याला फॅरडेच्या ९६,४८५ या स्थिरांकाने आणि क्षेत्रफळाने भागून पृष्ठव्याप्ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.०२ नॅनोमोल मिळते. फेरोसीनने पृष्ठभाग गच्च भरला असता ती ०.४५ नॅनोमोलच्या जवळ असती, म्हणजे ही सुमारे साडेचार टक्के व्याप्ती झाली आणि केंद्रे एकमेकांपासून पुरेशी दूर आहेत. या इलेक्ट्रोडवर ५ मिलिव्होल्ट वेगाला शिखराची धारा सुमारे २० नॅनोअँपिअर आणि धारितेची धारा सुमारे १ नॅनोअँपिअर असते. म्हणून फॅरडे पिंजऱ्याशिवाय (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणाशिवाय) हे मोजमाप करण्यात अर्थ नाही.

आदर्श थराच्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी २५ अंश सेल्सिअसला ९०.६ मिलिव्होल्ट असते, ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांची शिखरे एकाच विभवाला येतात आणि शिखराची धारा स्कॅनच्या वेगाच्या सम प्रमाणात वाढते. धारा जर वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असेल तर फेरोसीन सुटून द्रावणात आले आहे असे समजावे. रुंदी १२० मिलिव्होल्टच्या पुढे गेली किंवा शिखराला खांदा दिसला तर केंद्रांचे परिसर वेगवेगळे आहेत. असा थर वेगांक मोजण्यासाठी वापरू नये; तो पुन्हा साध्या थायॉलच्या द्रावणात ठेवावा किंवा नव्याने बसवावा. गणिताने त्याची दुरुस्ती होत नाही.

वेगांक मोजण्याच्या दोन वाटा

लाव्हिरॉन यांची १९७९ ची पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. स्कॅनचा वेग वाढवत नेला की दोन्ही शिखरे एकमेकांपासून दूर जातात. त्यांचे विभव वेगाच्या लॉगॅरिथमसमोर मांडले की दोन फाकत जाणाऱ्या रेषा दिसतात. शिखरांतले अंतर २०० मिलिव्होल्टच्या पुढे गेलेले बिंदू घेऊन प्रत्येक रेषा मागे वाढवावी आणि ती मूळ विभवाला (अतिशय हळू स्कॅनला शिखर जेथे येते त्या विभवाला) जेथे छेदते तो वेग वाचावा. संक्रमण गुणांक (विभवातील बदलाचा किती वाटा वेग बदलण्यात खर्च होतो तो अंश) ०.५ असेल तर प्रत्येक रेषेचा उतार वेगाच्या दर दसपटीला ११८ मिलिव्होल्ट असतो आणि २५ अंशांना प्रमाण वेगांक हा त्या छेदवेगाच्या १९.५ पट येतो. छेद सेकंदाला ०.१ व्होल्टला आला तर वेगांक सेकंदाला सुमारे १.९ झाला.

ही पद्धत सोपी असली तरी तिच्या मुळाशी बटलर-व्होल्मर समीकरण आहे आणि ते वेगाला अतिविभवासोबत अमर्याद वाढू देते. शिखरे काहीशे मिलिव्होल्ट सरकली की मार्कसच्या सिद्धांतात दिसणारे वळण सुरू झालेले असते आणि रेषा सरळ राहत नाही. शिवाय जलद स्कॅनला द्रावणाच्या रोधामुळे होणारा विभवपात शिखरे आणखी दूर ढकलतो व संक्रमण आहे त्यापेक्षा मंद भासते. म्हणून लाव्हिरॉनची पद्धत पहिला अंदाज घेण्यासाठी वापरावी आणि अंतिम आकड्यासाठी दुसरी वाट धरावी.

दुसरी वाट कालधारामितीची. विभव एका क्षणात नव्या किमतीवर न्यायचा आणि धारा कालानुसार कशी विरते ते नोंदवायचे. सगळी केंद्रे सारखी असतील तर धारेचा नैसर्गिक लॉगॅरिथम वेळेसमोर मांडल्यावर सरळ रेषा येते आणि तिचा उतार म्हणजेच त्या विभवाचा वेगांक. मला ही पद्धत अधिक प्रिय आहे, कारण ती थराचा दोष लपवू शकत नाही. रेषा सुरुवातीला तीव्र आणि मागाहून मंद होत वाकली, तर काही केंद्रे धातूच्या जवळ आहेत हे तेथल्या तेथे दिसते. मूळ विभवाच्या आसपास मात्र एक ध्यानात ठेवावे : मोजलेला उतार ऑक्सिडीकरण आणि क्षपण या दोन्ही वेगांची बेरीज असते, म्हणून अगदी मूळ विभवाला मिळालेल्या आकड्याची निम्मी किंमत म्हणजे प्रमाण वेगांक.

या पद्धतीची मर्यादा धारिता भरायला लागणाऱ्या वेळेत आहे. द्रावणाचा रोध १०० ओहम आणि धारिता ०.२ मायक्रोफॅरड असेल तर हा काळ २० मायक्रोसेकंद होतो. इलेक्ट्रॉन संक्रमणाचा काळ त्याच्या निदान दहापट असावा, म्हणजे सेकंदाला सुमारे ५,००० पेक्षा मोठा वेगांक या मांडणीने मोजू नये. चकतीच्या आकाराचा इलेक्ट्रोड लहान केला तर धारिता क्षेत्रफळासोबत घटते, रोध त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात वाढतो आणि एकूण काळ त्रिज्येच्या प्रमाणात कमी होतो. त्याहून जलद संक्रमणासाठी प्रत्यावर्ती धारेची व्होल्टॅमेट्री किंवा लेसरने इलेक्ट्रोडचे तापमान एकदम वाढवण्याची पद्धत वापरावी लागते.

मूळ विभवाच्या दोन्ही बाजूंना ५० मिलिव्होल्टच्या अंतराने वेगांक मोजून त्याचा लॉगॅरिथम अतिविभवासमोर मांडावा. जवळच्या बिंदूंचा उतार बटलर-व्होल्मरसारखाच दिसतो, पण दूर जाताना दोन्ही भुजा वाकतात आणि त्या वाकण्यातूनच लॅम्डा मिळते. खूप उंच विभव मात्र टाळावे, कारण संदर्भ इलेक्ट्रोडच्या सापेक्ष ०.८ व्होल्टच्या पुढे थर झिजू लागतो. प्रत्येक मालिकेनंतर हळू स्कॅन घेऊन फेरोसीनचा भार पुन्हा पाहावा. तापमानही स्थिर हवे : लॅम्डा ०.८५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर दहा अंशांच्या फरकाने वेगांक सुमारे ३० टक्क्यांनी बदलतो.

लांबी बदलून पाहणे

एका लांबीचा वेगांक यंत्रणेबद्दल फारसे काही सांगत नाही. किमान चार लांब्या घ्याव्यात आणि प्रत्येक वेळी साधा थायॉलही त्या प्रमाणात बदलावा. सोळा कार्बनला सेकंदाला १ हा वेगांक आणि बीटा १.१ धरला तर बाराला सुमारे ८०, दहाला सुमारे ७०० आणि आठला ६,००० च्या पुढे वेगांक अपेक्षित आहे. यावरून कालधारामितीला दहा ते सोळा कार्बनचा टप्पा सोयीचा पडतो हे लगेच लक्षात येते. बीटा सांगताना एकक स्पष्ट लिहावे, कारण मेथिलीनमागे १.१ म्हणजे साखळीच्या दिशेने आंग्स्ट्रॉममागे सुमारे ०.८७ होतात आणि साहित्यात दोन्ही आकडे सर्रास शेजारी शेजारी येतात.

बीटा आंग्स्ट्रॉममागे ०.५ च्या आसपास आला तर दोन शक्यता आहेत. साखळीत बेन्झीन वलये आणि तिहेरी बंध एकाआड एक असतील तर तो स्वाभाविक आहे, कारण अशा पुलांच्या ऊर्जापातळ्या फर्मी पातळीच्या जवळ असतात आणि आंग्स्ट्रॉममागे ०.४ ते ०.६ एवढीच घट होते. साखळी साधी अल्केन असेल तर मात्र थर सदोष आहे असेच मानावे. सुमारे ४ नॅनोमीटरहून लांब अशा संयुग्मी (वर सांगितलेल्या एकाआड एक बहुबंधांच्या) साखळ्यांत इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने उड्या मारत जाऊ लागतो. तेव्हा लांबीवरचे अवलंबन सौम्य होते आणि तापमानावरचे वाढते, म्हणून दोन्ही मोजल्याशिवाय टनेलिंग की उड्या हे ठरवू नये. सायटोक्रोम-सी सारखे प्रथिन कार्बोक्झिलिक टोकांच्या थरावर बसवले तर लांब साखळ्यांना नेहमीची घातांकी घट दिसते, पण आखूड साखळ्यांना वेगांक लांबीची पर्वा करत नाही. तेथे टनेलिंगऐवजी प्रथिनाची आणि त्याच्या भोवतालची हालचाल वेग ठरवते.

फेरोसीन बांधलेला थायॉल उपलब्ध नसेल तर साध्या थराने झाकलेल्या इलेक्ट्रोडवर द्रावणात मोकळा असलेला रेणू वापरतात. तेथे भोकांचा धोका मोठा आहे. विभव वाढेल तशी धारा घातांकी पद्धतीने चढत गेली तर ती टनेलिंगची असू शकते, परंतु ती लवकरच एका पठारावर स्थिर झाली तर विखुरलेली सूक्ष्म भोके काम करत आहेत. फेरिसायनाइड हा यासाठी सर्वांत लोकप्रिय रेणू असला तरी त्यातून सुटणारे सायनाइड सोन्याला खाऊ शकते, त्यामुळे त्याचा उपयोग भोके शोधण्यापुरता आणि थोडक्या वेळासाठीच करावा.

सगळी मोजमापे झाल्यावर थर क्षपणाने काढून टाकावा. ०.५ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विभव सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या सापेक्ष उणे १ व्होल्टच्या पलीकडे नेला की थायॉल सोन्यापासून सुटतो. दाट थरात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७७ नॅनोमोल थायॉल असतो, म्हणजे त्याच्या क्षपणाला सुमारे ७५ मायक्रोकूलोम लागतात. थर सुटताना धारिताही बदलत असल्याने प्रत्यक्ष आकडा त्याहून थोडा जास्त येतो. खडबडीतपणाचा गुणांक धरूनही तो ७५ च्या बराच खाली राहिला तर थर विरळ होता असे समजावे आणि त्या इलेक्ट्रोडवर मोजलेले वेगांक बीटाच्या आलेखात घेऊ नयेत.